थंडीतला धूर खाली का राहतो? निफाड परिसरातील हवामान, हवा आणि बागेचे नियोजन

डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की निफाड परिसरात पहाटे बागेबागेत शेकोट्या पेटतात. ओला पालापाचोळा, छाटणीच्या काड्या, कधी कधी जुने टायरही जाळले जातात. थंडीपासून द्राक्षाचे घड वाचवणे हा त्यामागचा हेतू. मात्र या धुराने बाग खरोखर किती गरम होते आणि तो धूर शेवटी कुणाच्या छातीत जातो, याचा हिशेब आपण सहसा मांडत नाही. या लेखात गोदावरी-कादवा खोऱ्यातील हिवाळी हवामान कसे तयार होते, धूर जमिनीलगत का अडकतो आणि त्यानुसार पाणी, फवारणी व काडीकचऱ्याचे नियोजन कसे करावे, हे पाहू.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. निफाड तालुक्यातील एका बागायतदाराचा पहाटे साडेपाचला फोन आला. रात्री तीनपासून त्यांनी बागेच्या चारही बाजूंना शेकोट्या पेटवल्या होत्या. सकाळी मी पोहोचलो तेव्हा बागेत धुराचा थर मांडवाच्या उंचीवर सपाट पसरला होता. मांडवाला टांगलेल्या थर्मामीटरचा पारा मात्र शेजारच्या, शेकोटी न पेटवलेल्या बागेपेक्षा वर गेलेला नव्हता. वस्तीवरच्या घरात त्यांच्या वडिलांना दम्याचा झटका आला आणि त्यांना त्याच सकाळी दवाखान्यात हलवावे लागले. वडील चार दिवसांनी घरी आले. बागेचेही फारसे नुकसान झाले नव्हते. पण ते शेकोटीमुळे टळले नव्हते, त्या रात्री तेवढी थंडीच पडली नव्हती.

निफाड एवढे थंड का?

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्री आहे, तर उत्तरेला चांदवडच्या बाजूने सातमाळ्याची रांग. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पूर्वेकडे उतरत येते आणि नांदूर मधमेश्वरजवळ तिला कादवा मिळते. आजूबाजूच्या डोंगररांगांच्या मानाने हा भाग सखल आणि मोकळा आहे. पावसातला फरकही मोठा आहे. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. निफाडकडे येईपर्यंत तो ५००-६०० मिलिमीटरच्या घरात येतो. म्हणजे पाऊस कमी, आकाश निरभ्र, जमीन काळी आणि शिवार बागायती.

ऑक्टोबरमध्ये मॉन्सून परतला की आकाश स्वच्छ होते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते. ढग असतील तर ते गोधडीचे काम करतात. ढग नसले की उष्णता थेट निघून जाते. जमीन थंड होते आणि तिला लागून असलेली हवाही थंड होते. थंड हवा जड असल्यामुळे ती पाण्यासारखी उताराने वाहत सखल भागात, ओढ्याकाठी, नदीकाठी साचते. निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रावर राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद अनेकदा होते, ती यामुळेच. नाशिक शहरातील सिमेंट आणि डांबर रात्रीही उष्णता सोडत राहतात. मोकळ्या शिवारात तशी सोय नाही.

येथे एक बाब लक्षात घ्या. हवामान केंद्रावरील तापमान हे पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजलेले असते. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगत तापमान याहून काही अंशांनी कमी असते. त्यामुळे केंद्रावर ५ अंश नोंदले असताना गवतावर किंवा भाजीपाल्याच्या पानांवर दव गोठलेले दिसू शकते. द्राक्षाचा मांडव मात्र जवळपास पेटीच्याच उंचीवर असतो. म्हणजे जी थंडी जमिनीवरच्या भाजीपाल्याला मारते, ती मांडवावरच्या पानांना तेवढी लागत नाही.

हवेची उलटी रचना

दिवसा जमिनीजवळची हवा गरम असते आणि वर जावे तसे तापमान कमी होत जाते. गरम हवा हलकी असल्याने ती वर चढते आणि धूर, धूळ आपल्याबरोबर वर नेते. थंडीच्या रात्री चित्र उलटे होते. जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवा असते. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. खालची हवा जड असल्याने ती वर जाऊ शकत नाही. वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो. खोऱ्यात हे झाकण अधिक घट्ट बसते, कारण बाजूच्या उतारांवरून थंड हवा खाली येत राहते आणि वारा जवळपास थांबलेला असतो.

धुराचा हिशेब सोपा आहे. समजा दुपारी धूर १००० मीटर उंचीपर्यंत मिसळतो आणि पहाटे तोच धूर ५० मीटरच्या थरात अडकतो. तर तेवढ्याच काडीकचऱ्याच्या धुराची हवेतील तीव्रता पहाटे वीसपट होते. काडी तीच, धूर तोच. बदलली ती फक्त वेळ.

आपल्या शिवारात विपरीतता आहे की नाही, हे तपासायला दोन साधे थर्मामीटर पुरेसे आहेत. एक जमिनीपासून फूटभर उंचीवर आणि दुसरा उंच बांबूला १५-२० फुटांवर बांधा. पहाटे वरच्या थर्मामीटरचा पारा जास्त असेल, तर झाकण बसले आहे असे समजा. थर्मामीटर नसेल तर चुलीच्या धुराकडे पाहा. तो थोडा वर जाऊन आडवा पसरत असेल, तरीही अर्थ तोच.

वर्षभरातील हवेचे चार टप्पे

जून ते सप्टेंबर : पाऊस हवेतील कण धुऊन खाली आणतो, पश्चिमेचा वाराही असतो. श्वास घेण्यासाठी वर्षातील ही सर्वांत स्वच्छ हवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : पाऊस थांबतो, वारा मंदावतो. सोयाबीन, मका काढणीनंतर धसकटे व भुसा पेटवला जातो. दिवाळीच्या फटाक्यांची भर पडते. रात्री विपरीतता तयार होऊ लागते.

डिसेंबर ते फेब्रुवारी : विपरीतता सर्वांत घट्ट. शेकोट्या, चुली, वीटभट्ट्या, वाहने आणि उसाचे पाचट यांचा धूर पहाटे एकाच थरात जमा होतो. नदीकाठी व बागायती पट्ट्यात धुके पडते.

मार्च ते मे : जमीन तापते, हवा उंचापर्यंत मिसळते. धूर लवकर विरतो, पण धूळ वाढते. गव्हाचे काड याच काळात पेटवले जाते.

हवेची गुणवत्ता वाचताना

धुरातील सर्वांत घातक घटक म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजेच पीएम २.५. हे कण नाकातल्या केसांना, घशाला न अडकता थेट फुप्फुसाच्या खोल भागात पोहोचतात. आपल्या देशातील मानकानुसार २४ तासांच्या सरासरीत हे कण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा १५ मायक्रोग्रॅम सुचवली आहे.

हवा गुणवत्ता निर्देशांक ५० पर्यंत असेल तर हवा चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० खराब, ३०१ ते ४०० अतिशय खराब आणि त्यापुढे गंभीर, अशी वर्गवारी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हा निर्देशांक पाहता येतो. मात्र त्यात दोन अडचणी आहेत. एक, मोजणी केंद्रे प्रामुख्याने शहरात आहेत. वस्तीवरची हवा त्यात येत नाही. दोन, कणांचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढला जातो. पहाटे चार ते आठ हवा अतिशय खराब आणि दुपारी स्वच्छ असेल, तर सरासरी मध्यम दिसते. आणि नेमक्या त्याच चार तासांत दूध घालणारे, सकाळच्या शाळेची मुले आणि बागेत कामाला आलेले मजूर बाहेर असतात.

धूर म्हणजे ऊब नव्हे

धुराचा थर ढगासारखा काम करतो आणि जमिनीची उष्णता अडवतो, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. जमीन रात्री जी उष्णता बाहेर टाकते तिच्या लहरींची लांबी १० मायक्रॉनच्या आसपास असते. धुराचे बहुतांश कण एक मायक्रॉनहून बारीक असतात, त्यामुळे या लहरी धुरातून जवळपास तशाच निघून जातात. ढगातील पाण्याचे थेंब मोठे असतात, म्हणून ढग उष्णता अडवतात; धूर अडवत नाही. उलट सकाळी सूर्य उगवल्यावर हाच धूर सूर्यप्रकाश अडवतो आणि बाग तापायला उशीर होतो. ओला पाला जाळून भरपूर धूर करणे म्हणजे दोन्हीकडून तोटा.

आगीची उष्णता काही प्रमाणात उपयोगी पडते, हे खरे. परंतु तीही आग लहान असेल तरच. मोठ्या शेकोटीची गरम हवा जोराने वर जाऊन उबदार थराच्याही पार निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची थंड हवा बागेत ओढली जाते.

मुख्य प्रश्न आहे तो शेकोटीची गरज असते का, हा. द्राक्षाची पाने गोठून करपण्यासाठी पानांचे तापमान शून्याच्या आसपास किंवा खाली जावे लागते. पारा ७-८ अंशांवर असताना पाने मरत नाहीत. अशा थंडीत मुळांची व वेलीची वाढ मंदावते, मण्यांची फुगवण थांबते आणि मण्यात पाणी उतरण्याच्या अवस्थेत दिवस-रात्रीच्या तापमानातील मोठ्या तफावतीमुळे पिंक बेरीची समस्या वाढते. यांपैकी एकाही गोष्टीवर पहाटेच्या दोन तासांच्या शेकोटीचा उपाय चालत नाही.

थंडीत बागेसाठी काय करावे?

१. पाण्याची वेळ बदला. ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. विहिरीचे पाणीही पहाटेच्या हवेपेक्षा बरेच उबदार असते. समजा एकरी १०,००० लिटर पाणी २२ अंशांवरून ८ अंशांपर्यंत थंड झाले, तर १ लाख ४० हजार किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. साधारण ४० किलो सुक्या लाकडात एवढी उष्णता असते. फरक इतकाच, की लाकडाची बरीच उष्णता आभाळात जाते आणि पाण्याची मुळांभोवती राहते.

पाणी जास्त देऊ नका. ठरलेल्या मात्रेतीलच पाणी थंडीच्या लाटेत दुपारनंतर किंवा पहाटे द्या. भारी काळ्या जमिनीत जादा पाण्याने मुळांना हवा मिळत नाही आणि काढणीजवळ आलेल्या बागेत मणी तडकतात. रात्रीच्या विजेची आणि ऊसपट्ट्यातील बिबट्याची अडचण तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे जिवावर उदार होऊन पहाटे मोटर चालू करायला जाण्यापेक्षा दुपारी दिलेले पाणी चालेल.

२. बोद झाका. उसाचे पाचट किंवा काडीकचरा बोदावर पसरल्यास मुळांच्या पट्ट्यातील तापमान एकदम खाली जात नाही. मात्र आच्छादनामुळे जमिनीची ऊब वर हवेत येत नाही. म्हणून दव गोठण्याचा धोका असलेल्या सखल जागी, विशेषतः भाजीपाल्यात, दोन ओळींतली जमीन उघडी व ओलसर ठेवा.

३. थंड हवेला वाट द्या. उताराच्या खालच्या बाजूला शेवरी किंवा इतर झाडांची दाट भिंत असेल, तर बांध पाणी अडवतो तशी ती थंड हवा अडवते. त्या बाजूला खालच्या फांद्या छाटून हवेला निघायला जागा करा. वारारोधक वरच्या बाजूला ठेवा.

४. घड झाका. पाणी उतरण्यापूर्वी घडांना कागद लावल्याने पिंक बेरीचे प्रमाण कमी राहते. मजुरी लागते, पण हा उपाय नेमका समस्येवर आहे.

५. शेकोटी शेवटचा पर्याय. किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली जाण्याचा अंदाज असेल, आकाश निरभ्र आणि वारा शांत असेल आणि पाणी देण्याची काहीच सोय नसेल, तरच विचार करा. सुके लाकूड, छोट्या आणि विखुरलेल्या शेकोट्या वापरा आणि वस्तीपासून दूर राहा. ओला पाला, प्लॅस्टिक, टायर कधीही जाळू नका. टायरच्या धुराची काजळी घडांवर बसते आणि त्यातील विषारी वायू माणसांसाठी अधिक घातक असतात.

सपाट भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली गेले की हवामान विभाग थंडीची लाट जाहीर करतो. किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली गेले तरी लाट मानली जाते. दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होणारा कृषी हवामान सल्ला आणि ‘मेघदूत’ ॲप पाहून दोन दिवस आधी तयारी करता येते. गहू आणि हरभऱ्याला ही थंडी मानवते, त्यामुळे तिथे घाबरण्याचे कारण नाही.

धुके, धूर आणि रोग

धुक्याचा थेंब तयार होण्यासाठी हवेत बारीक कण लागतात. धुराचे कण ते काम करतात. कण जितके जास्त, तितके थेंब बारीक आणि संख्येने जास्त. असे धुके दाट दिसते आणि उशिरा विरते. सूर्यप्रकाश उशिरा पोहोचला की पाने ओली राहण्याचा काळ लांबतो. द्राक्षात डाऊनी आणि कांद्यात करपा यांना हेच हवे असते. म्हणजे थंडीपासून बाग वाचवायला केलेला धूर रोगाला मदत करू शकतो. धुक्याच्या दिवसांत बागेत मोकळी हवा खेळेल अशी विरळणी ठेवा आणि पाने किती वाजता सुकतात याची नोंद करा. ती नोंद फवारणीच्या निर्णयासाठी फार उपयोगी पडते.

फवारणीची वेळ चुकवू नका

वारा नाही म्हणून पहाटेच फवारणी करण्याची पद्धत आहे. विपरीतता असताना हीच सर्वांत वाईट वेळ असते. फवाऱ्यातील बारीक थेंब खाली बसत नाहीत आणि वरही जात नाहीत. ते धुरासारखे आडवे तरंगत शेजारच्या पिकावर, वस्तीवर आणि फवारणाऱ्याच्या श्वासात जातात. शिवाय दवाने ओल्या पानांवरून औषध ओघळते.

• सूर्य वर येऊन दव सुकल्यावर, साधारण नऊनंतर फवारणी सुरू करा.
• ताशी ३ ते १० किलोमीटरचा हलका वारा योग्य. झाडाची पाने हलकीशी हलत असावीत.
• सायंकाळी सूर्यास्ताच्या तासभर आधी काम संपवा. सूर्य मावळताच झाकण बसू लागते.
• तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. धूर व धुळीसाठी एन-९५ मास्क आणि औषध फवारताना वाफा शोषणारा योग्य फिल्टरचा मास्क वापरा.

काडीकचऱ्याचे काय करायचे?

उसाचे पाचट जाळू नका. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते आणि त्यात साधारण ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. खोडव्यात पाचट सरीत पसरवून एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू वापरून पाणी द्यावे. पाचट जागेवर कुजते, ओलावा टिकतो आणि तणही कमी येते.

खरड छाटणीच्या काड्या श्रेडरने बारीक करून बोदावर टाका. गावात एखाद्या गटाने मिळून श्रेडर घेतल्यास खर्च परवडतो. डाऊनीग्रस्त पाने मात्र बागेत ठेवू नका. बाहेर नेऊन खड्ड्यात मातीआड करा. गहू, मक्याचे काड रोटाव्हेटरने जमिनीत मिसळा किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात न्या.

एवढे करूनही काही जाळण्याची वेळ आलीच, तर ते सुके असू द्या, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान जाळा आणि सूर्यास्तापूर्वी निखारे पूर्ण विझवा. रात्री धुमसत राहिलेला ढीग पहाटेपर्यंत सारा धूर खालच्याच थरात सोडतो.

घरातल्यांसाठी

घरात दमा किंवा हृदयविकाराचा रुग्ण, लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर धुराच्या सकाळी त्यांना ऊन वर येईपर्यंत बाहेर पाठवू नका. फिरायला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पहाटेऐवजी नऊनंतर किंवा दुपारी उशिरा जावे. दम्याचे इनहेलर घरात शिल्लक आहे का, हे थंडीच्या लाटेच्या आधी पाहा. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, बोलताना धाप लागत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

शेतकरी बंधूंनो, खोऱ्यातली हवा बांध ओळखत नाही. आपल्या बागेत पेटवलेल्या शेकोटीचा धूर शेजाऱ्याच्या ओट्यावर जातो आणि त्याचा आपल्या. या हिवाळ्यात एवढेच करा : बागेत दोन थर्मामीटर लावा आणि पहाटेची नोंद वहीत ठेवा. महिनाभराची वही समोर ठेवली, की किती रात्री शेकोटीची खरोखर गरज होती, हे तुमचे तुम्हालाच दिसेल.